तुमचे प्रश्न: जीआरपीसी ब्राउझरमधे आलं की घोडं अडतं कुठं?

गेल्या अंकात आरपीसीबद्दल लिहिलं होतं, म्हणजे दुसऱ्या मशीनवरचं फंक्शन आपल्याच कोडमधलं असल्यासारखं बोलवायचं त्या पद्धतीबद्दल (जीआरपीसी हा तिचाच गूगलने बनवलेला प्रकार), आणि शेवटी एक ओळ टाकली होती की जावास्क्रिप्टमधे, त्यातही ब्राउझरमधे, यातलं निम्मंच हाती लागतं. ती ओळ बऱ्याच जणांना झोंबलेली दिसतेय कारण मेलबॉक्स त्यावरच भरलाय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, "आमचा कोड बघून द्या" वाले बाजूला ठेवलेत, राग नसावा.

प्रश्न: आमच्या सगळ्या सर्व्हिस गो मधे आहेत, आपसात जीआरपीसी. आता डिलिव्हरीचं लाइव्ह ट्रॅकिंग वेबवर आणायचंय, रिअ‍ॅक्टमधे. मोबाइल अ‍ॅपमधे दोन्ही बाजूंनी चालणारं स्ट्रीमिंग मस्त चालतं, पण वेबसाठी कोड जनरेट केला की ती मेथडच येत नाही. लीड म्हणतो पुढच्या व्हर्जनमधे येईल, थांबूया. थांबावं का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: नका थांबू. लायब्ररीवाले आळशी आहेत म्हणून ही मेथड येत नाहीये असं नाहीये, त्यांना खालून जे मिळायला हवं ते ब्राउझर देतच नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

जरा सविस्तर सांगतो कारण हे एकदा डोक्यात बसलं की खालचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. गूगलने २०१५ मधे जीआरपीसी ओपन सोर्स केलं, त्याआधी कंपनीत आत स्टबी नावाची त्यांची अशीच सिस्टिम वर्षानुवर्षं चालू होती, त्या अनुभवावर हे उभं राहिलं. पाया एचटीटीपी/२ चा. एकाच कनेक्शनवर अनेक स्ट्रीम, दोन्ही टोकांनी वाटेल तेव्हा लिहायचं, आणि सगळं संपल्यावर शेवटी ट्रेलर पाठवायचा, म्हणजे हेडरसारखंच पण बॉडीच्या नंतर येणारं. कॉल पास झाला की नापास ते त्या ट्रेलरमधे असतं. आता तुमच्या गो सर्व्हरला किंवा अँड्रॉइड अ‍ॅपला काय, त्यांच्या हातात सॉकेट, म्हणजे थेट नेटवर्क कनेक्शन आहे, लायब्ररी हवं ते करते. ब्राउझरमधल्या तुमच्या कोडच्या हातात मात्र फक्त फेच, नाहीतर जुनं एक्सएचआर, म्हणजे सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवायच्या ब्राउझरच्या आयत्या सोयी. त्यातून तुम्ही एचटीटीपी/२ च वापर असा हट्ट धरू शकत नाही, फ्रेमला, म्हणजे कनेक्शनवरच्या कच्च्या तुकड्यांना, हात लावू शकत नाही आणि ट्रेलर वाचू शकत नाही. फेचच्या स्पेसिफिकेशनमधे ट्रेलरसाठी जागा ठेवली होती एकेकाळी, पण ब्राउझरवाल्यांनी ती कधी बनवलीच नाही, मग ती काढून टाकली.

मग २०१८ च्या ऑक्टोबरमधे जीआरपीसी-वेब अधिकृतपणे वापरायला खुलं झालं, ते म्हणजे या अडचणीतून काढलेली पळवाट. मूळ जीआरपीसीत कॉलचे चार प्रकार: एक प्रश्न एक उत्तर, सर्व्हरकडून स्ट्रीम, क्लायंटकडून स्ट्रीम, आणि दोन्हीकडून. वेबमधे पहिले दोनच. आणि त्यातही गूगलच्या क्लायंटमधे सर्व्हर स्ट्रीम पाहिजे असेल तर टेक्स्ट मोडच घ्यावा लागतो, म्हणजे सगळा बायनरी डेटा बेस६४ करून, दर तीन बाइटचे चार होऊन येणार. का, तर एक्सएचआर अर्धवट आलेलं उत्तर मधेच वाचू देतं ते फक्त टेक्स्ट असेल तर, बायनरी बफर मागितला की सगळं संपेपर्यंत हातात काही नाही. म्हणजे प्रोटोबफ, डेटा बायनरीत आटोपशीर बांधायची जीआरपीसीची पद्धत, ती घेतली साइज वाचवायला आणि वाचवलेलं इथे परत दिलं.

तुमचा लीड कदाचित क्रोम १०५ बद्दल ऐकून असेल, २०२२ चं. त्यात फेचमधून अपलोडही स्ट्रीम करता यायला लागलं खरं, पण ते अर्ध्या बाजूचं आहे, तुमचं पाठवून पूर्ण झाल्याशिवाय सर्व्हरचं उत्तर तुमच्या कोडला मिळत नाही. मी बोलतो, मग तू बोल. दोघं एकाच वेळी बोलतायत असं नाही होत. वर ते एचटीटीपी/२ किंवा त्यापुढचं असेल तरच चालतं, आणि प्रत्येक गिऱ्हाईकाच्या ब्राउझरमधे ते असेलच असं धरून चालता येत नाही.

आता तुमच्या ट्रॅकिंगकडे येऊ. मला सांगा, वेबवरचा माणूस पाठवतो काय? लोकेशन पाठवतो डिलिव्हरीवाला, तो मोबाइल अ‍ॅपवर, तिथे पूर्ण जीआरपीसी आहेच. वेबवाला फक्त ठिपका सरकताना बघतो. त्याला सर्व्हर स्ट्रीम पुरतो, आणि अधूनमधून त्याने "पत्ता बदला" दाबलं तर तो साधा एकेरी कॉल. दोन्हीकडून स्ट्रीम हवाच असं सांगणाऱ्या बहुतेक टीमचं काम, स्क्रीनवर नेमकं काय चालतं ते बघितलं की, या जोडीवर भागतं. खरंच दोघांनी एकदम लिहायचं असेल, एकत्र चित्र काढायचा बोर्ड वगैरे, तर सरळ वेबसॉकेट घ्या, म्हणजे दोन्ही बाजूंनी कधीही बोलता येणारं ब्राउझरचं कनेक्शन, आणि त्यातून तेच प्रोटोबफ मेसेज बायनरी पाठवा. फक्त एवढं लक्षात असू द्या की डेडलाइन (उत्तराची वाट किती बघायची), स्टेटस कोड, इंटरसेप्टर (प्रत्येक कॉलच्या मधे घालायचा कोड) हे जे आयतं मिळत होतं ते आता तुम्हाला लिहायचंय. इम्प्रॉबेबल कंपनीची एक लायब्ररी वेबसॉकेटवरून हे करून द्यायची, तिची देखभाल आता बंद आहे, नवीन प्रोजेक्टमधे घेऊ नका.

प्रश्न: नेटवर्क टॅबमधे सगळे कॉल २०० दिसतात, तरी अ‍ॅपमधे एरर येतो. बॅकएंडवाले म्हणतात बघ २०० आहे, तुझ्याकडेच गडबड. खरं कोण? (फ्रंटएंडवाली एक वाचिका, नाशिक)

उत्तर: खऱ्या तुम्ही. जीआरपीसीत एचटीटीपीचा २०० म्हणजे फक्त "निरोप पोचला". हेडर आधीच निघून गेलेले असतात, काम नंतर फसतं, त्यामुळे खरा निकाल वेगळा असतो, शून्य ते सोळा या आकड्यात. शून्य म्हणजे ठीक, ४ म्हणजे वेळ संपली, ७ म्हणजे परवानगी नाही, १४ म्हणजे सर्व्हिसच पोचत नाही, असं.

ट्रेलर वाचता येत नाही हे वर आलंच, म्हणून जीआरपीसी-वेब काय करतं, तर तो ट्रेलर बॉडीच्याच शेपटीला चिकटवतं. प्रत्येक तुकड्याच्या पुढे पाच बाइट, एक खुणेचा आणि चार लांबीचे. खुणेचा बाइट ०० असेल तर डेटा, ८० असेल तर ट्रेलर. बायनरी रिस्पॉन्स हेक्समधे उघडा आणि शेवटाकडे बघा, तुम्हाला ८० ०० ०० ०० ०एफ दिसेल, म्हणजे पुढे पंधरा बाइट, आणि ते पंधरा म्हणजे काही गूढ नाही, साधी अक्षरं: जीआरपीसी-स्टेटस हे नाव, कोलन, शून्य, आणि ओळ संपल्याचे दोन बाइट. तिथे शून्याच्या जागी दुसरा आकडा असेल, त्यापुढे मेसेज असेल, तर त्याचा स्क्रीनशॉट काढा आणि बॅकएंडवाल्यांना पाठवा, भांडण मिटेल.

अजून एक वळण आहे. सर्व्हरने काहीच डेटा न देता लगेच एरर दिला तर स्टेटस बॉडीत न येता हेडरमधेच येऊ शकतो, आणि तुमचं पेज एका डोमेनवर, एपीआय दुसऱ्या डोमेनवर असेल तर ब्राउझर तो हेडर तुमच्या कोडला दाखवत नाही, जोपर्यंत कॉर्सच्या (दुसऱ्या डोमेनवरचं काय दाखवायचं त्याचे ब्राउझरचे नियम) एक्स्पोज हेडरच्या यादीत स्टेटस आणि मेसेज ही दोन नावं टाकलेली नाहीत. ही यादी विसरली की एरर येतो पण कसला ते कळत नाही. आधी हेच तपासा.

आणि हो, नुसत्या एचटीटीपी कोडवर मॉनिटरिंग लावलं असेल तर डॅशबोर्ड कायम हिरवागार राहतो आणि इकडे कस्टमर केअरचा फोन खणखणत असतो. मॉनिटरिंग जीआरपीसी स्टेटसवर लावायला सांगा.

प्रश्न: काही ऑर्डरच्या आयडीचा शेवटचा आकडा स्क्रीनवर बदललेला दिसतो. सगळ्यांचा नाही, काहींचाच. डेटाबेसमधे बरोबर आहे. वेड लागायची पाळी आली. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: तुमचा आयडी ६४ बिटचा पूर्णांक आहे, पैजेवर सांगतो. जावास्क्रिप्टचा साधा नंबर ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच नेमका असतो, त्यापुढे मधले आकडे त्याला दिसतच नाहीत. कन्सोल उघडा, ९००७१९९२५४७४०९९३ टाइप करा, एंटर मारा. उत्तर येईल शेवटी ९९२. एरर नाही, वॉर्निंग नाही, चुपचाप. प्रोटोबफचा ६४ बिटचा आकडा मात्र एकोणीस अंकांपर्यंत जातो, ९२२३३७२०३६८५४७७५८०७ ला थांबतो. लहान आयडी वाचतात, मोठे मरतात, म्हणून "काहींचाच". ट्विटरने २०१० मधे ट्वीटचे आयडी मोठे केले तेव्हा ह्याच कारणाने एपीआयमधे तोच आयडी स्ट्रिंग म्हणून वेगळा द्यायला सुरुवात केली होती, म्हणजे दुखणं जुनं आहे.

उपाय: गूगलचा जुना जनरेटर असेल तर प्रोटो फाइलमधे, जिच्यात मेसेजची रचना लिहितात आणि जिच्यावरून कोड जनरेट होतो, त्या फील्डला जेएसटाइप लावून स्ट्रिंग करा, वायरवर काही बदलत नाही, फक्त जावास्क्रिप्टच्या बाजूला स्ट्रिंग मिळते. नोडमधे, म्हणजे सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टमधे, प्रोटो-लोडर वापरत असाल तर लाँग्सचा ऑप्शन स्ट्रिंग ठेवा. बफ कंपनीचं प्रोटोबफ-ईएस घेतलंत तर ते बिगइंट, म्हणजे जावास्क्रिप्टचा मोठ्या पूर्णांकांसाठीचा प्रकार देतं, दिसायला छान, पण तो ऑब्जेक्ट जेसनमधे बदलायला गेलात की टाइपएरर फेकतो, मग लॉगिंग फुटतं, लोकल स्टोरेजमधे ठेवणारा कोड फुटतो. आयडीवर बेरीज वजाबाकी कोण करतंय, स्ट्रिंग ठेवा आणि मोकळे व्हा.

प्रश्न: सर्व्हर स्ट्रीम बरोबर पंधरा सेकंदांनी तुटतो. मधे एन्व्हॉय आहे. (ठाणे)

उत्तर: एन्व्हॉय म्हणजे मधे बसून जीआरपीसी-वेबचं साध्या जीआरपीसीत भाषांतर करणारा प्रॉक्सी. त्यात रूटचा टाइमआउट तुम्ही काही लिहिलं नाही तर १५ सेकंद असतो. स्ट्रीमच्या रूटला तो शून्य करा, म्हणजे बंद. मग कदाचित पाच मिनिटांनी तुटेल, तो दुसरा, स्ट्रीम निवांत पडून राहिल्याचा टाइमआउट आहे, त्यासाठी सर्व्हरने अधूनमधून एक रिकामा मेसेज सोडत राहावं. लॅपटॉप झोपला, वायफाय बदललं की स्ट्रीम जाणारच, आणि परत जोडल्यावर जिथे तुटलं तिथून सुरू करायची सोय जीआरपीसी-वेबमधे नाही. शेवटी आलेल्या मेसेजचा नंबर क्लायंटने लक्षात ठेवायचा आणि नवीन कॉलमधे पाठवायचा, एवढं हाताने.

प्रश्न: लोकलवर सहा टॅबपर्यंत चालतं, सातवा टॅब नुसता फिरत बसतो. प्रॉडक्शनवर असं होत नाही.

उत्तर: लोकलवर तुम्ही साध्या एचटीटीपीने चालवताय. ब्राउझर टीएलएस, म्हणजे एचटीटीपीएसचं एन्क्रिप्शन, त्याशिवाय एचटीटीपी/२ बोलत नाहीत, मग ते १.१ वर उतरतात आणि तिथे एका होस्टला सहा कनेक्शन. सहा टॅबमधले सहा स्ट्रीम ती अडवून बसलेत. लोकल सर्टिफिकेट करा, किंवा मग सहात भागवा.

प्रश्न: हे सगळं वाचून असं वाटतं की प्रोटोबफ नको, एन्व्हॉय नको. आमच्याकडे पुढे मागे दोन्हीकडे टाइपस्क्रिप्टच आहे, टीआरपीसी घेऊन टाकू का? सहा जणांची टीम आहे. (एक वाचक, बंगळूर)

उत्तर: तुमच्यासाठी बहुतेक हो. पण त्याच्याही भिंती आहेत, त्या आधी बघून घ्या.

टीआरपीसी ही दोन्हीकडे टाइपस्क्रिप्ट असणाऱ्यांसाठीची आरपीसी लायब्ररी. तिच्यात कोड जनरेट करायची भानगड नाही, सर्व्हरचे टाइप क्लायंटला थेट दिसतात, एडिटरमधे मेथडचं नाव बदललं की समोरच्या फाइलमधे लगेच लाल रेघ. सुख आहे. पण ते टाइप कंपाइल झाल्यावर उडून जातात, रनटाइमला तिथे साधा जेसन असतो. तारीख पाठवलीत तर पलीकडे स्ट्रिंग मिळते, मॅप पाठवलात तर रिकामा ऑब्जेक्ट. सुपरजेसनसारखा ट्रान्सफॉर्मर दोन्ही टोकांना लावला की हे सुटतं, पण लावावा लागतो.

मला जास्त खुपतं ते वेगळंच. समजा काल सकाळी एका गिऱ्हाईकाने टॅब उघडला आणि तसाच ठेवला, अकाउंटवाले ठेवतातच, महिनाअखेरीला तर हमखास. रात्री तुम्ही एका फील्डचं नाव बदलून दोन्ही बाजू डिप्लॉय केल्या. टाइपस्क्रिप्ट खूश, बिल्ड हिरवा. आज तो माणूस कालच्याच जावास्क्रिप्टने आजच्या सर्व्हरला कॉल करतोय आणि ते फुटतं, आणि तुमच्या मशीनवर काही केल्या दिसत नाही. टाइप जुळतात याचा अर्थ एवढाच की तुमच्या रेपोमधल्या दोन फाइली जुळतात. प्रोटोबफ इथे शहाणं आहे, त्यात फील्ड नंबरने ओळखतात, नाव बदललं तरी नंबर तोच, जुना क्लायंट चालत राहतो. टीआरपीसीत ही शिस्त तुम्हाला पाळायची, जुनं नाव काही दिवस ठेवायचं, इनपुट झोड या तपासणीच्या लायब्ररीने तपासायचं, आणि बाहेर जाणारा डेटाही तपासायचा असेल तर आउटपुटचा स्कीमा वेगळा लिहायचा.

एकेका पानावरून दहा कॉल जात असतील तर टीआरपीसी ते एकत्र बांधून एकच रिक्वेस्ट करतं, नेहमीच्या बॅच लिंकमधे. ऐकायला छान, पण मग सगळ्यात रेंगाळणाऱ्या कॉलसाठी बाकीचे नऊ ताटकळतात. त्यासाठी स्ट्रीम होणारी बॅच लिंक आहे, ती घ्या. सर्व्हरकडून सतत अपडेट पाहिजेत तर सबस्क्रिप्शन आहेत, आधी वेबसॉकेटवर होते, अकराव्या व्हर्जनपासून एसएसई वरही, म्हणजे सर्व्हरकडून एकेरी येत राहणाऱ्या साध्या एचटीटीपी स्ट्रीमवरही चालतात.

आणि उद्या कोटलिन किंवा फ्लटरवाला कोणी आला तर? त्याच्यासाठी तिथे करार म्हणून काही नाही. यूआरएलला कॉल करू शकेल तो, पण टाइप त्याने अंदाजाने लिहायचे. मोबाइल अ‍ॅप येणार हे आत्ताच माहीत असेल तर मी कनेक्ट घेईन, बफ कंपनीची आरपीसी लायब्ररी, २०२२ पासूनची. प्रोटो फाइल तीच, सर्व्हर गो किंवा नोडमधे असेल तर मधे एन्व्हॉय लागत नाही, साध्या कॉलला जेसन चालतो म्हणून कर्लने तपासता येतं, आणि एरर आला तर खरोखरचा ४०४ किंवा ४०१ दिसतो, म्हणजे नाशिकच्या बाईंचं भांडणच होणार नाही. फक्त दोन्हीकडचा स्ट्रीम ब्राउझरमधून त्यातही नाही. कारण वर सांगितलंय.

प्रश्न: ब्राउझर सोडा, नोडमधे तरी सगळं मिळतं ना? आमचे कुबरनेटिसवर चार पॉड आहेत, जीआरपीसीचा सगळा लोड एकाच पॉडवर जातो, बाकी तीन माश्या मारतात. (एक वाचिका, हैदराबाद)

उत्तर: नोडमधे चारही प्रकारचे कॉल मिळतात. पूर्वी सी++ वर बांधलेलं पॅकेज होतं, ते २०२१ मधे बंद झालं, आता शुद्ध जावास्क्रिप्टमधलं जीआरपीसी-जेएस वापरायचं. तुम्ही अजून जुन्यावर असाल तर आधी ते बदला.

तुमची गोष्ट मात्र नोडची नाही, एचटीटीपी/२ ची आहे. कुबरनेटिसची (तुमचे सर्व्हर पॉडमधे, म्हणजे वेगवेगळ्या प्रतींत, चालवणारी सिस्टिम) साधी सर्व्हिस लोड वाटते तो कनेक्शनमागे, आणि जीआरपीसी एकच कनेक्शन उघडून त्यावरून हजारो कॉल करतं. पहिल्या वेळी जो पॉड मिळाला तो कायमचा. हेडलेस सर्व्हिस करा, म्हणजे क्लायंटला सगळ्या पॉडचे पत्ते मिळतात, क्लायंटला डीएनएसवाला पत्ता द्या आणि सर्व्हिस कॉन्फिगमधे राउंड रॉबिन, म्हणजे आळीपाळीने सगळ्यांना, असं मागा, कारण काही न सांगता मिळतं ते पिक फर्स्ट, जोडला गेलेल्या पहिल्याच पत्त्याला चिकटणारं. तेवढ्यानेही नवीन वाढवलेला पॉड लगेच कामाला लागत नाही, क्लायंट पत्ते पुन्हा विचारतो तो मुख्यतः कनेक्शन तुटल्यावर. म्हणून सर्व्हरवर कनेक्शनचं कमाल वय ठरवा, काही मिनिटांनी त्याने स्वतःच नम्रपणे कनेक्शन संपवायचं.

त्याच सेटिंगच्या फाइलमधे आहात तर अजून दोन. येणाऱ्या मेसेजची मर्यादा ४ एमबी असते, एखाद्या दिवशी रिपोर्ट मोठा झाला की कोड ८ येतो. ती वाढवता येते पण वाढवू नका शक्यतो, स्ट्रीम करून तुकड्यात पाठवा, कारण मोठा मेसेज उलगडताना नोडचा एकुलता थ्रेड अडकतो आणि तेवढा वेळ बाकी सगळ्यांचे कॉल थांबतात. दुसरं म्हणजे डेडलाइन. ती न देता कॉल केलात तर थांबायला मर्यादाच नाही, समोरचा पॉड लटकला की तुमचाही लटकतो, मग तुमच्यावर अवलंबून असलेला, अशी रांग. प्रत्येक कॉलला डेडलाइन द्या, कितीची ते नंतर भांडा.

प्रश्न: हे जरा वेगळं आहे. एक्सेलच्या मोठ्या फाइली वाचायला वेब वर्कर केलाय, कॉमलिंकने. प्रोग्रेस दाखवायला कॉलबॅक पाठवला की डेटाक्लोनएरर. फंक्शन पाठवता येत नाही तर मग आरपीसी कसलं? (एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: वर्कर म्हणजे पानाच्या कोडपासून वेगळा चालणारा थ्रेड, दुसरी खोलीच, आणि कॉमलिंक ही त्या खोलीतली फंक्शनं बोलवायची लायब्ररी. मधून जातं ते कॉपी होऊन, आणि फंक्शनची कॉपी होत नाही. कॉलबॅक कॉमलिंकच्या प्रॉक्सीत गुंडाळून पाठवा, मग पलीकडे फंक्शन न जाता त्याला हाक मारायची सोय जाते. क्लासचा ऑब्जेक्ट पाठवला तर डेटा पोचेल पण मेथड गळतील, त्यालाही हेच. आणि पलीकडचं काहीही वाचायचं तर अवेट लावा, साधी प्रॉपर्टी असली तरी, नाहीतर हातात खरं मूल्य न येता प्रॉक्सीच येतो आणि इफमधे तो कायम खरा ठरतो, हा बग शोधायला फार छळतो. प्रोग्रेस प्रत्येक ओळीला पाठवू नका, हजार ओळींमागे एकदा पुरे, नाहीतर फाइल वाचण्यापेक्षा निरोप पोचवण्यातच वेळ जाईल. काम झालं की प्रॉक्सी रिलीज करा, नाहीतर टॅबची मेमरी फुगत जाते.